पूजेत राहिलेली रिंग

खंडेनवमीच्या सकाळी नऊच्या सुमारास मी गॅरेजमधल्या हत्यारांना हळदकुंकू लावत होते. लाल कापडावर पाने मांडलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत. मग हातोडे, सब्बल, जॅक, आणि शेवटी वेल्डिंगचं मशीन, त्याच्यावर झेंडूची माळ. मी हे काम भराभर करते. एका वस्तूला एक टिकली, की पुढची. गोटी पान्याच्या, म्हणजे सॉकेटच्या, ओळीत एका गोल वस्तूला टिकली लावली, पुढच्या दोन गोट्यांना लावली, आणि हात थांबला.

मागे वळून पाहिलं. ती गोटी नव्हती. गोटीला आतून पैलू असतात, हिला नव्हते. ती लेथवर कातून आणलेली पोलादी रिंग होती. आदल्या दिवशी संध्याकाळी गेलेल्या एका पिकअपच्या मागच्या एक्सेलमध्ये, उजव्या बाजूला, ती असायला हवी होती.

आमचं गॅरेज उमरेड रोडला, दिघोरीच्या पुढे आहे. वडिलांनी सुरू केलं, गेली बावीस वर्षं मी चालवते. आमच्याकडे नव्या गाड्या येत नाहीत. येतात त्या पंधरा-वीस वर्षांच्या पिकअप, ज्यांचे मालक त्या विकायला तयार नाहीत आणि ज्यांच्याकडून कंपनीने कधी ठरवलं नव्हतं एवढं ओझं वाहून घ्यायचं असतं. मग आम्ही कमानीत पाटे वाढवतो, मागचा एक्सेल काढून भंगारातल्या मोठ्या गाडीचा बसवतो. हे सगळं नियमात बसतं असं मी म्हणणार नाही.

ही पिकअप कुहीकडच्या एका शेतकऱ्याची होती. माणूस पन्नाशीचा, बोलका, स्वतःच्या शेतीबरोबर गाडीही चालवणारा. सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या, दिवसांत तो गावातल्या बायकांची टोळी सकाळी लोकांच्या शेतावर पोचवायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. जुना एक्सेल आवाज करत होता. त्याला जड एक्सेल हवा होता. काय भरणार, हे मी त्याला विचारलं नाही, कारण मला माहीत होतं.

झालं काय ते कळायला गाडीचं ज्ञान लागत नाही. कमान म्हणजे पोलादी पाट्यांची स्प्रिंग, ती एक्सेलवर बसते. ती जिथे बसते तिथे एक्सेलवर एक जाड बैठक वेल्ड केलेली असते आणि बैठकीच्या मधोमध एक भोक. कमानीचे सगळे पाटे एका बोल्टने एकत्र धरलेले असतात, त्या बोल्टचं डोकं या भोकात बसतं. त्यामुळे एक्सेल मागेपुढे सरकत नाही. वरून यू आकाराचे बोल्ट सगळं आवळून धरतात. आम्ही नव्या एक्सेलला ज्या बैठका लावल्या त्या मोठ्या गाडीच्या होत्या, म्हणून भोक मोठं होतं. बोल्टचं डोकं आत खुळखुळलं असतं. ती फट भरायला दोन रिंगा कातून आणल्या होत्या, एक डावीकडची, एक उजवीकडची.

आमच्याकडे एक पद्धत आहे. ज्या गाडीचं काम चालू असेल तिचे बसवायचे सगळे सुटे भाग एका परातीत ठेवायचे. परात घरच्या स्वयंपाकघरातली आहे, बाबांच्या वेळेस मीच आणली. परात रिकामी झाल्याशिवाय गाडी जॅकवरून खाली येत नाही. आणि काम झालं की प्रत्येक नटावर आणि त्याच्या बोल्टवर मिळून मी स्वतः पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढते. नट ढिला झाला तर रेघ तुटते, लांबूनही दिसते. गिऱ्हाइकं ती रेघ पाहून निर्धास्त होतात. माझी रेघ आहे म्हणजे मी पाहिलंय.

आदल्या दिवशी दुपारी हत्यारं धुवायला काढली, कारण सकाळी पूजा. घाई होती. मिस्त्री गाडीखाली डावी बाजू बसवत होते. मी डिझेलच्या टपात पाने धुत होते आणि त्याच झपाट्यात परातही टपात उपडी केली. परातीत अजून एक वस्तू आहे हे मी पाहिलं नाही. ती धुतली गेली, पुसली गेली आणि गोल म्हणून गोट्यांच्या ओळीत जाऊन बसली. मिस्त्रींनी उजवी बाजू बसवायला घेतली तेव्हा परात कोरी, उन्हात वाळत टाकलेली. रिकामी परात म्हणजे सगळं बसलं. त्यांनी यू-बोल्ट आवळले. मी खाली सरकून आठही नटांवर रेघा ओढल्या. तो माणूस गाडी घेऊन गेला.

आमचे मिस्त्री साठीला आलेले, वडिलांच्या वेळचे. रिंग मी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी आधी कुंकू पाहिलं, मग रिंग.

"उजवीकडची?"

"उजवीकडची."

ते खुर्चीत बसले. "आज फोन करून सांगून द्या ताई, गाडी उभी ठेवा म्हणा. दसरा झाला की पाहू."

मी फोन लावतच होते. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोने उचलला. "ते तं फोन चार्जिंगले लावून गेले बाई. सकाळीच बाया घेऊन गेले सोयाबीन सोंगाले. नहराच्या पल्याड."

"किती बायका?"

"चौदा. आज टोळी मोठी हाय."

"परत कधी येणार?"

"चार-पाच वाजतीन. काहून, काही झालं का?"

काही झालं नाही, म्हटलं, आणि शेत कुठे ते विचारून घेतलं. तिने सांगितलं की ते नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, काठावरच्या रस्त्याने जातात, पण तो चढ छोट्या गाडीला जमायचा नाही, तुम्ही गावामागच्या पांदणीने या.

जाताना गाडी रिकामी नव्हती, चौदा बायका होत्या. पण येताना त्यांच्याबरोबर गाडीवाल्याने पोती घातली तर? नवे यू-बोल्ट पहिल्या ओझ्याखाली थोडे ढिले पडतातच. म्हणून तर आम्ही प्रत्येकाला सांगतो की पहिली भरलेली फेरी झाली की परत ये, पुन्हा आवळून देतो. रिंग नाही आणि बोल्ट ढिला, मग एक्सेलला धरून ठेवणारं काहीच उरत नाही.

मी लाल कापडावरून पाने उचलायला लागले.

"आज पान्याले हात नाही लावत ना ताई," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही नका लावू."

"तुम्ही लावला काय अन् म्या लावला काय, पान्याले तं काम पडलंच ना. तुमच्या बाबांनी पन्नास वर्षं हा दिवस पाळला."

"बाबांनी पन्नास वर्षांत परात कधी धुतली नव्हती."

मी जॅक, सब्बल, गोटी पाना, पाइप, शिकंजा आणि दोन नवे मधले बोल्ट व्हॅनमध्ये टाकले. रिंगेवरचं कुंकू फडक्याने पुसलं. व्हॅन सुरू केली तर मिस्त्री शेजारच्या सीटवर येऊन बसले.

"हात लावत नाही," ते म्हणाले. "तोंड चालवतो."

रस्त्यावर मी फारसं बोलले नाही. समोरून येणारी प्रत्येक पिकअप पाहत होते. त्या दिवसांत दसऱ्याच्या धम्मदीक्षा सोहळ्यासाठी नागपुराकडे येणाऱ्या गाड्या माणसांनी भरलेल्या असतात, मागच्या फाळक्यावर पाय सोडून बसलेली, टपावर झेंडे. एकेकीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत आहेत का, हे मी बघत होते. एका जागी पोलिसांनी गाड्या थांबवल्या होत्या आणि पुढे रांग. कुणी काहीतरी धडकलं म्हणे. मिस्त्रींनी खिडकीतून मान काढली. "ट्रक आहे," म्हणाले. मी श्वास सोडला आणि त्याची मला लाज वाटली नाही.

गावामागून पांदणीने पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. पिकअप बांधावर बाभळीखाली उभी होती. व्हॅनमधूनच मला दिसलं. डाव्या बाजूला चाक मडगार्डच्या मधोमध होतं. फिरून उजवीकडे गेले. तिथे चाक दोन बोटं मागे होतं, मडगार्डच्या मागच्या काठाला जवळजवळ टेकलेलं.

गाडीचा मालक पाण्याची बाटली घेऊन आला. "अरे ताई! पूजा सोडून इकडे कशा? गाडी तं मस्त चालून राहिली. एक नंबर काम."

मी त्याला चाक दाखवलं. त्याने वाकून पाहिलं, उठून माझ्याकडे पाहिलं. "पहिलेपासून असंच असन."

"काल नव्हतं."

बायका सोंगता सोंगता थांबल्या होत्या. कमरेवर हात ठेवून एक ओळ आमच्याकडे बघत होती. मी जॅक लावला, स्टेपनी आणि दगड आधाराला दिले आणि ओढणी कमरेला गुंडाळून गाडीखाली शिरले.

"पाह्य वं, गाडीखाली निजून राहिली ते बाई!"

"निजू दे. नऊ दिवसाचे उपास असतीन."

"अन् तो बुढा बसला झाडाखाली. आमच्या घरच्यासारखाच हाय."

मिस्त्री बाभळीखाली बसून खरंच तोंडच चालवत होते. आधी पुढचा नट, मग मागचा, एकदम नको. खालून मला माझ्या पांढऱ्या रेघा दिसत होत्या. चारही सरळ, अखंड. एकही नट केसभरही फिरला नव्हता, तरी कमान एक्सेलवरून सरकली होती. रेघेवरून नट फिरला की नाही एवढंच कळतं. बाकीचं मी रेघ ओढताना पाहायला हवं होतं.

यू-बोल्ट सैल केले, जॅकने कमान बोटभर उचलली आणि मधल्या बोल्टचं डोकं टपकन माझ्या मनगटाजवळ पडलं. तुटलं होतं. तुटीचा भाग ताजा, करडा, दाणेदार. म्हणजे एक्सेल आज सकाळीच सरकला, बोल्टचं डोकं भोकाच्या काठाला जाऊन आदळलं आणि तुटलं. त्यानंतर गाडी कुठून कुठे आली तेवढा सगळा वेळ एक्सेल फक्त यू-बोल्टच्या पकडीवर होता.

मी ते डोकं बाहेर फेकलं. मिस्त्रींनी उचलून पाहिलं. हत्यार नव्हतं ते, म्हणून चाललं असेल.

"किती बाया होत्या गा गाडीत?" त्यांनी मालकाला विचारलं.

"चौदा."

"काहीच समजलं नाही तुले? आवाज नाही, काही नाही?"

मालक पिकअपच्या दारावरची धूळ पुसत राहिला. "नवीन एक्सेल हाय, बसून राहिला असन असं वाटलं मले," तो म्हणाला.

दोन तास गेले. शिकंज्याने पाटे धरले, तुटका बोल्ट काढून नवा घातला, सब्बलने एक्सेल पुढे रेटला. रेटायला मालक आणि टोळीतल्या दोन दणकट बायका आल्या. रिंग बसवली, कमान टेकवली, नट आवळले. बाहेर आले तेव्हा चाक मडगार्डच्या मधोमध होतं. हात धुतले. एका बाईने मला भाकर आणि ठेचा दिला, मी बांधावर बसून खाल्ला. गाडी भरून निघताना पाहायची म्हणून चार वाजता सोंगणी आटोपेपर्यंत आम्ही थांबलो. मालक खुशीत होता. गाडीत दहा पोती टाकली की निघू, असं तो म्हणायला लागला.

"पोती नाही," मी म्हटलं. "बायका नेता आहात तेवढ्या पुरे. आणि हळू."

टोळी चालवणारी बाई माझ्या वयाची होती, उन्हाने रापलेली, कपाळावर मोठं कुंकू. बाकीच्या गाडीकडे निघाल्या तरी ती माझ्याजवळ उभी राहिली.

"ताई, तुम्ही ते बाजू नीट केली. हे बाजू?"

"डावीकडे रिंग होती. तिथे काही झालेलं नाही."

"पाह्यलं का?"

मी पाहिलं नव्हतं. दोन रिंगा होत्या, एक राहिली होती, म्हणून एकच बाजू बिघडली, असा माझा हिशेब होता. मी पुन्हा खाली शिरले. बैठकीवर वाळलेला चिखल होता. फडक्याने पुसला. वेल्डिंगच्या काठाने केसाएवढी एक रेघ होती, बैठकीच्या पुढच्या कोपऱ्यापासून अर्ध्यापर्यंत गेलेली. नखाने खरवडली तर नख आत अडकलं. उजवीकडून एक्सेल मागे ओढला गेला तेव्हा सगळा पीळ या बाजूने खाल्ला होता.

"मिस्त्री."

ते आले. चिखलात गुडघे टेकून आत वाकले आणि भेगेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे पाहिलंच नाही. वेल्डिंग त्यांनी केलं होतं.

"हे इथे नाही होत," ते म्हणाले. "काढून गॅरेजवर न्या लागते."

बाहेर येऊन मी सांगितलं की या गाडीत कोणी बसायचं नाही. त्यावर सगळे एकदम बोलायला लागले.

"सकाळी बसून आलो, तं मेलो का?"

"पाच किलोमीटर हाय बाई! दिवसभर वाकून पाठीचा काटा ढिला झाला."

"हळूच नेतो ना ताई," मालक म्हणाला. "वीसच्या वर नाही नेत. माझी जबाबदारी."

"बैठक सुटली तर वीसवरही सुटेल."

"तुमाले भेव वाटते, मले नाही वाटत. वीस वर्षं झाली गाडी चालवून राहिलो."

दोघीजणी फाळक्याला पाय लावून वर चढतही होत्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. दिवसभर सोंगून पाच किलोमीटर चालायचं आणि घरी जाऊन चूल पेटवायची. समजवायला माझ्याकडे वेळ होता, पण उपयोग दिसत नव्हता. मी तिसऱ्यांदा खाली शिरले, डाव्या बाजूचे चारही नट काढले आणि कुर्त्याच्या खिशात टाकले. यू-बोल्ट सैल पडले. आता ती गाडी कोणालाही हलवता आली नसती.

मालकाला कळलं तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला. "हे तुम्ही बरोबर नाही केलं ताई. गाडी माझी हाय."

"गाडी तुमची. वेल्डिंग माझं."

"अन् आता ह्या बायाईले घरी कोण नेईन?"

"पाच जणी व्हॅनमध्ये जातील. मिस्त्री नेतील. बाकीच्या चालतील. मी पण चालते."

चढलेल्या दोघी खाली उतरल्या. "बसा आता उपास करत," एक म्हणाली. मला की गाडीला, कळलं नाही. सगळ्यात म्हाताऱ्या पाच जणींना व्हॅनमध्ये बसवलं. मिस्त्री मागे न बघता पांदणीला लागले. आम्ही नहराकडे निघालो, नऊ बायका, मालक आणि मी. विळे फडक्यात गुंडाळून कमरेला.

नहर तेव्हा काठोकाठ वाहत होता. धानाला पाणी सोडलं होतं. मुरमाचा रस्ता एका गाडीपुरता, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शेतात उतरणारा तीव्र उतार. पिकअपनंतर त्या रस्त्याने कोणी गेलेलं दिसत नव्हतं. धुळीत तिच्या टायरच्या खुणा स्वच्छ होत्या.

मी खाली बघत चालत होते. सवय आहे. सरळ गाडीचं मागचं चाक पुढच्याच्या खुणेवरून जातं, म्हणून प्रत्येक बाजूला एकच पट्टा दिसतो. इथे दोन-दोन होते. मागची चाकं पुढच्या खुणांच्या बाहेर, पाण्याच्या अंगाला सरकलेली. गाडी तिरपी चालत आली होती आणि चालवणाऱ्याला ते कळलं नव्हतं.

"आवाज कुठे झाला?" मी मालकाला विचारलं.

"कोणता आवाज?"

"तुम्हाला जो बसून राहिल्यासारखा वाटला तो."

त्याने हाताने समोर दाखवलं. "पुढं. मोरीच्या अलीकडं. एक बैल आडवा आला, ब्रेक मारला म्या."

मोरी आली. तिथे दोन पट्ट्यांचा एक झाला होता. गावाकडून मोरीपर्यंत सगळं सरळ, एकावर एक, आणि मोरीला लागून टायर घासत गेल्याचा खोल ओरखडा. ओरखड्यापासून बाहेरचा पट्टा पाण्याकडे वळला होता. एका जागी नहराचा काठ ताजा ढासळलेला होता, आतला लाल मुरूम उघडा पडलेला. टायरची कड त्या ढासळलेल्या जागेवरूनच गेली होती. किती आत होतं चाक, ते मी वाकून पाहिलं. टायरच्या रुंदीचा अर्धा भाग जमिनीवर होता.

टोळीवाली बाई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. ती पाण्याकडे बघत होती.

"आमी मागच्या फाळक्याजवळ बसलो होतो," ती म्हणाली. "म्या म्हटलं, पाणी इतकं जवळ काहून दिसून राहिलं. मंग ह्या हसल्या, म्हणल्या, झोप आली तुले."

जी सकाळी हसली असेल ती आता हसली नाही. टोळीवालीने मागे वळून हात केला आणि सगळ्या रस्त्याच्या शेताकडच्या कडेला झाल्या, एकीमागे एक. मालक मोरीवर उभाच होता. त्याने खाली बसून ढासळलेल्या जागेत हात घातला आणि तसाच बसून राहिला. मी त्याला हाक मारली नाही. मी बायकांच्या मागून चालत त्या मोजत राहिले, इथे नऊ आणि व्हॅनमध्ये पाच.